दुसरं कोकरू

सुंदरबनला निघालेल्या माणसाला जो तो वाघाबद्दल विचारतो. मला वाघ बघायचा नव्हता. मला मेंढी बघायची होती, आणि हे सांगितलं की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि हवापाण्यावर बोलू लागतो. सियालदहहून सुटलेल्या कॅनिंग लोकलमध्ये शेजारी बसलेल्या गृहस्थांनी मात्र विषय बदलला नाही. ते गोसाबा बेटावर शाळामास्तर होते. "मेंढी? गारोल? ती तर आमच्या अंगणात आहे," असं म्हणाले, आणि तेवढ्यासाठी महाराष्ट्रातून कुणी येतं यावर त्यांचा विश्वास बसेपर्यंत चंपाहाटी मागं पडलं होतं.

ही गाडी पहाटे कोलकात्याकडं जाते तेव्हा तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. शहरात धुणीभांडी करायला निघालेल्या बायका, मासळीच्या टोपल्या, पालेभाजीचे भारे. मी उलट्या दिशेनं निघाले होते, त्यामुळं खिडकी मिळाली आणि मोहरीच्या तेलात कालवलेल्या मुरमुऱ्यांचा पुडाही निवांत खाता आला. कॅनिंगला इंग्रजांना मोठं बंदर उभारायचं होतं. १८६७च्या वादळानं तो बेत मोडला, रेल्वे तेवढी उरली. आता मातला नदीवर पूल आहे. शेअर गाडीनं गोदखालीपर्यंत जायचं आणि तिथून भुटभुटी म्हणतात त्या इंजिनाच्या होडीनं पलीकडं गोसाबा. डॅनिअल हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथं जमीन घेऊन सहकारी गावं वसवली. रवींद्रनाथही त्याचा पाहुणचार घेऊन गेले. मास्तर हे सगळं अभिमानानं सांगत होते. माझं लक्ष बांधावर होतं.

पौषाचे दिवस. आमन भाताची कापणी उरकली होती, खाचरांत खुंट उरले होते. हवेत खजुराचा रस आटवल्याचा वास होता. मास्तरांच्या घरामागं एक सखल खाचर होतं, पावसाळ्याचं पाणी अजून न आटलेलं. त्या पाण्यात, गुडघ्यापर्यंत बुडून, चार मेंढ्या चरत होत्या. तोंड पाण्याखाली घालून गवत ओढायचं, वर यायचं, चावायचं, पुन्हा तोंड आत. मी बराच वेळ बघत उभी राहिले. आपल्याकडं ओढ्याला वीतभर पाणी असलं तरी कळप काठावर थबकतो. मेंढपाळ एकीला धरून पलीकडं नेतो तेव्हा कुठं बाकीच्या हलतात. आणि पावसाळ्यात खूर चार दिवस ओला राहिला की कुजायला लागतो, मेंढी गुडघ्यावर बसून चरू लागते. इथं गुडघे पाण्यातच होते आणि खुरांना काही होत नव्हतं. गारोलचे खूर सहसा कुजत नाहीत आणि पोटातल्या जंतांनाही ती इतर जातींपेक्षा कमी दाद देते, हे वाचलेलं होतं. वाचलेलं आणि समोर पाणी उडवत चाललेलं यात मात्र फरक पडतो.

दिसायला ती काहीच नाही. पूर्ण वाढलेली मादी दहा-बारा किलोची, आपल्याकडच्या तीन महिन्यांच्या कोकराएवढी. रंग मळकट पांढरा, कान आखूड. काहींना तर कान म्हणजे नुसता उंचवटा. लोकर राठ, तिला गिऱ्हाईक नाही. मास्तरांच्या वहिनी, ज्यांना मी गावच्या रीतीनं बौदी म्हणू लागले, त्यांनी मला या मेंढ्यांची पिल्लं दाखवली. ओसरीच्या कोपऱ्यात, भाताच्या पेंढ्यावर, काळ्या बंगाली शेळीच्या करडांशेजारी ती झोपली होती. मेंढ्या चार आणि कोकरं नऊ. तिघींना जुळी, एकीला तिळी.

"नऊही जगतील?" मी विचारलं.

बौदींनी माझ्याकडं असं पाहिलं की प्रश्न मूर्खपणाचा होता हे मला कळलं. तिळ्यांतलं सगळ्यांत बारीक उचलून त्यांनी मांडीवर घेतलं, वाटीतल्या गाईच्या दुधात कापडाची वात बुडवली आणि त्याच्या तोंडात दिली. हे चालू असताना त्या सुनेला भाजीबद्दल सूचना देत होत्या आणि पायानं बदकाला हुसकत होत्या. मेंढीला काय घालता असं विचारलं तर म्हणाल्या, तांदळाचा कोंडा, भाज्यांची देठं, उरलेला भात. पावसाळ्यात लावणी झाली की मेंढ्या मोकळ्या सोडता येत नाहीत, तेव्हा बांधावर नाहीतर रस्त्याच्या कडेला दाव्यानं बांधायच्या आणि दुपारी जागा बदलायची. कापणी झाली की दोन महिने मोकळं रान.

मग वादळांचा विषय निघाला. तिथं तो निघतोच. २००९ला आयला आलं तेव्हा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि नंतर कितीतरी हंगाम भात नीट पिकलं नाही. २०२०ला अंफान. बौदी म्हणाल्या, "गाय सोडून द्यावी लागते. तिचं नशीब आणि ती. मेंढी बगलेत मारून पळता येतं." शेळ्यामेंढ्यांच्या जातींवरच्या पुस्तकांत गारोलचा लहान आकार बहुतेक वेळा दोष म्हणून मांडलेला असतो. तो लिहिणारा माणूस भरतीच्या पाण्यात कधी पळालेला नसावा.

या मेंढीची खरी गंमत तिच्या बिजांडात आहे आणि ती उलगडायला जगाला दोनशे वर्षं लागली. १७९२-९३च्या सुमारास कोलकात्याहून निघालेल्या गलबतांतून बंगालच्या काही मेंढ्या सिडनीच्या नव्या वसाहतीत गेल्या. त्या तिथल्या कळपांत मिसळून गेल्या, वर मेरिनोचं रक्त चढलं, आणि बंगालची आठवण पुसली गेली. पुढं न्यू साउथ वेल्समध्ये कूमाजवळ बूरूला नावाच्या एका मेंढवाड्यावर सीअर्स बंधूंच्या लक्षात आलं की आपल्या काही मेरिनो मेंढ्या जुळी-तिळी देतात. त्यांनी त्यांच्याच पिल्लांतून कळप वाढवला. १९५८ साली तिथल्या सरकारी विज्ञान संस्थेनं त्यांतल्या काही मेंढ्या मिळवल्या. हेलन न्यूटन टर्नर या संख्याशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि जुनी कागदपत्रं चाळून हा धागा बंगालकडं जात असावा असं सुचवलं. ऐंशीच्या दशकात लक्षात आलं की हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नाही, एकाच मोठ्या जनुकाचं हे काम आहे. २००१मध्ये ते जनुक नेमकं सापडलं. त्यातल्या एका अक्षराच्या बदलामुळं बिजांडातल्या पुटिका लहान असतानाच पक्व होतात, आणि एकाच्या जागी दोन-तीन बीजं सुटतात. लगेच २००२मध्ये गारोलचं रक्त तपासलं गेलं. तोच बदल, त्याच जागी. टर्नरबाईंचा अंदाज बरोबर निघाला.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची यादी. हाच बदल जावाच्या मेंढ्यांत सापडला. चीनमध्ये ताइहू सरोवराभोवतीच्या हू मेंढीत सापडला. जावामध्ये मेंढ्या जमिनीपासून उंच बांधलेल्या लाकडी गोठ्यात असतात आणि शेतकरी बांधावरचं गवत कापून त्यांच्यापुढं टाकतो. ताइहूकाठी त्या घरातच ठेवल्या जातात, रेशमाच्या किड्यांना घालून उरलेला तुतीचा पाला खातात. सुंदरबनात त्या दाव्याला असतात. तिन्ही ठिकाणी भाताचा प्रदेश, तिन्ही ठिकाणी जमीन टीचभर, मेंढ्या दोन-चार, आणि त्या कायम कुणाच्यातरी, बहुधा बाईच्या, नजरेसमोर. तिथं दुसरं पिल्लू जगतं, म्हणून ते देणारी मेंढी टिकते. जिथं कळप शेकडोंचा आणि वाट कोसांची, तिथं दुसरं पिल्लू वाटेत पडतं आणि पहिल्यालाही अशक्त करून जातं. माणदेशातल्या मेंढीला एकच कोकरू होतं ते ती मागास आहे म्हणून नव्हे. तिच्या चालीचा तो हिशेब आहे, आणि तो कित्येक पिढ्या चालून ठरलेला आहे.

मग एक कोकरू देणाऱ्या मेंढीच्या कळपात जुळ्यांचं जनुक सोडलं तर काय होतं? हे बघायला मला परदेशी जायचं कारण नव्हतं. पुढच्या कार्तिकात मी फलटणची एसटी धरली.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढली. इरावती कर्व्यांचे हे जावई. ज्या बाईंनी महाराष्ट्राच्या लोकजीवनावर लिहिलं त्यांच्या घरातला माणूस धनगरांच्या दख्खनी मेंढीकडं वळला, हा योगायोग म्हणावा की घरचं वळण, ते वाचकांनी ठरवावं. निंबकरांच्या आधी दख्खनी मेंढी सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. इंग्रज अमदानीपासून मेरिनो आणून झाला, स्वातंत्र्यानंतर रॅम्बुए आणून झाला. सगळा रोख लोकरीवर. मऊ लोकरीचा तो जाडजूड संकर उन्हात धापा टाकायचा, वाट चालायचा नाही, आणि धनगर त्याला वाड्यावर उभा करायचा नाही. शिवाय तोवर घोंगडीचाच बाजार बसत चालला होता. आज मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. माणसं लोकर बांधावर टाकून देतात. पैसा मटणात आहे, म्हणजे कोकरांच्या संख्येत आणि वजनात आहे.

नव्वदच्या दशकात गारोल मेंढ्या सुंदरबनातून फलटणला आल्या. बॉन निंबकर, सगळे त्यांना तसंच म्हणत, आणि त्यांची कन्या डॉ. चंदा निंबकर, ज्यांनी मेंढीच्या अनुवंशावर ऑस्ट्रेलियात पीएच.डी. केली, यांनी ते काम हाती घेतलं. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि ऑस्ट्रेलियातली विद्यापीठं त्यात होती. अडचण उघड होती. गारोलचं एक जनुक हवं होतं, बाकीची गारोल नको होती. पहिल्या संकराची कोकरं बुटकी निघणार, आणि मेंढपाळाच्या लेखी बुटकं कोकरू म्हणजे आजारी कोकरू. म्हणून संकराला पुन्हा दख्खनीशी जोडायचं, पुन्हा जोडायचं, दर पिढीत गारोलचा अंश निम्म्यानं उतरवायचा, पण प्रत्येक पिढीत ते एक जनुक ज्यांच्यात आहे तीच पिल्लं पुढं ठेवायची. ती ओळखायची कशी? २००१पर्यंत बाहेरून दिसणारी खूणच नव्हती. मेंढीला आडवी बांधून पोटाला छोटा छेद द्यायचा, दुर्बिणीची नळी आत सोडायची आणि बिजांडावर बीज सुटल्याच्या खुणा मोजायच्या. मेंढा असेल तर त्याच्या लेकी वयात येईपर्यंत थांबायचं. जनुक सापडल्यावर हे सगळं एका रक्ताच्या थेंबावर आलं.

त्यातून जी मेंढी तयार झाली तिला 'नारी सुवर्णा' म्हणतात. मी संस्थेच्या वाड्यात गेले तेव्हा वजनं चालली होती. कानात बिल्ला, पोटाखाली पट्टा, काट्याला टांगायचं, आकडा वहीत. मला त्या मेंढ्यांत गारोल कुठं दिसते का ते शोधायचं होतं. दिसली नाही. उंची दख्खनी, तोंड दख्खनी, चालही दख्खनी. फक्त दोन-दोन कोकरं बरोबर. तिथल्या कामगारानं एका मेंढ्याकडं बोट केलं, "ह्यो डबल हाय." म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला, याच्या प्रत्येक लेकीत एक तरी प्रत उतरणार. एकच प्रत असलेला मेंढा निम्म्याच लेकींना देतो. मादीत एक प्रत पुरते: निम्म्याहून जास्त वेतांत जुळी होतात, तिळी क्वचित. तिळी कुणालाच नको आहेत. दख्खनवर तिसऱ्या कोकरासाठी ना दूध आहे ना बौदींची ओसरी.

आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली, जी बाहेर फारशी बोलली जात नाही. गाईम्हशींसारखी मेंढीत गोठवलेल्या वीर्याची कांडी चालत नाही. गर्भाशयाच्या तोंडाची वाट इतकी नागमोडी असते की नळी आत जात नाही. शेळीत जमतं, मेंढीत नाही. त्यामुळं सुधारलेला गुण गावोगाव न्यायचा तर जिवंत मेंढा टेम्पोत घालूनच न्यावा लागतो, आणि तो ज्याच्या दारात उतरतो त्या माणसाला तो आवडावा लागतो.

आवडीचं प्रकरण सोपं नाही. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याच्या मडग्याळ गावाच्या नावानं ओळखली जाणारी मेंढी उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, आणि नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. त्या नाकावर माणसं वेडी झालेली आहेत. २०२०मध्ये आटपाडीच्या बाजारात अशा एका मेंढ्याला सत्तर लाखांची मागणी आल्याच्या बातम्या छापून आल्या, आणि मालक दीड कोटींवर अडून बसला होता. नाक कापून विकता येत नाही, मटणाला ते चिकटत नाही. तरी किंमत नाकाची. मी आधी हे हसण्यावारी नेत होते. पण उंची, बाक, छाती बघून मेंढा निवडणं हीसुद्धा निवडच आहे, आणि तीच निवड करत करत धनगरांनी मडग्याळ घडवली. त्यांना दिसतं ते ते निवडतात. बिजांडातलं जनुक दिसत नाही. तेवढ्यासाठी प्रयोगशाळा. बाकी गोठ्याच्या धंद्यात शहरातून उतरलेल्या लोकांपेक्षा, जे मोबाइलवरची जाहिरात बघून लाखाचा आफ्रिकन बोकड आणतात आणि दोन वर्षांत गोठा भाड्यानं देतात, मडग्याळवाल्यांची नजर कितीतरी पक्की.

फलटणहून मी माणच्या बाजूला एका वाड्यावर गेले. वाडा म्हणजे घर नव्हे. एकत्र हिंडणारी बिऱ्हाडं आणि त्यांचे कळप. दिवाळी उलटून गेली होती आणि मंडळी कोकणात उतरायच्या तयारीत होती. माळावर वागर लावलेली, तिच्या जाळीत कोकरं कोंडलेली. मेंढ्या चरून आल्या की कोकरं मोकळी सोडतात आणि पाच मिनिटं तिथं जो गोंधळ होतो तो ऐकण्यासारखा असतो: शंभर आया ओरडतात, शंभर पोरं ओरडतात, आणि प्रत्येकीला आपलंच सापडतं. या वाड्यात काही आयांना दोन-दोन सापडत होती. चार वर्षांपूर्वी त्यांनी नारी सुवर्णाचा मेंढा आणला होता. त्याच्या लेकी आता व्याल्या होत्या.

वाड्याच्या म्हाताऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. मी जुळ्यांबद्दल विचारल्यावर त्यांनी आधी तंबाखू मळली.

"जावळी चांगलीच की. कोण वंगाळ म्हणंल? पर ताई, घोडी येकच हाय."

मला कळलं नाही. त्यांनी घोडीकडं हात केला. प्रवासात सगळं बिऱ्हाड तिच्या पाठीवर असतं: भांडी, धान्य, घोंगड्या, कोंबड्या, आणि दोन-चार दिवसांची कोकरं. मेंढीला एकच कोकरू असलं तर आठवड्याभरात ते आईमागं चालू लागतं आणि पाठीवरची जागा दुसऱ्याला मिळते. जुळ्यांतलं प्रत्येक कोकरू एकट्यापेक्षा हलकं जन्मतं, उशिरा धड होतं. मेंढ्या तेवढ्याच, कोकरं दीडपट, घोडी एक. विद्यापीठाच्या एखाद्या प्रबंधात हे वाक्य असतं तर त्याला 'वाहतूक-मर्यादा' म्हटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं.

"आनि दूद?" आप्पा पुढं म्हणाले. "चाऱ्याबिगर कास भरत न्हाय. माळावर कुसळं. दोगं लुचत्यात, आई वाळती, मग पुडल्या येताला गाबच धरत न्हाय."

त्यांची सून तिथंच बसून एका कोकराला शेळीला लावत होती. उस्मानाबादी शेळी, काळीभोर. धनगरी कळपात अशा आठ-दहा शेळ्या असतातच, घरच्या चहाला आणि पोरक्या कोकरांना. शेळीला ते पटत नव्हतं. सुनेनं तिचा मागचा पाय आपल्या गुडघ्यात दाबला, कोकराचं तोंड आचळाला लावलं आणि शेळीच्या नाकासमोर बाभळीच्या शेंगांची मूठ धरली. शेळी शेंगा खाऊ लागली, कोकरू दूध पिऊ लागलं, आणि दोघांनाही एकमेकांची जात कळायच्या आत काम झालं. २०१९च्या पशुगणनेत देशात १४ कोटी ८८ लाख शेळ्या आणि ७ कोटी ४२ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या. शेळ्या दुप्पट का, याची कारणं बरीच असतील. त्यांतलं एक समोर उभं होतं.

"आप्पा सगळं सांगत्यात, ह्ये न्हाय सांगत," सून माझ्याकडं वळून म्हणाली. "ही जावळीवाली औंदा कोकणात न्हाय जायची. मी म्हागं ऱ्हानार हाय. पंधरा मेंढ्या आनि त्यांची पोरं घिऊन."

हा वाद माझ्या येण्याआधीच चालू असावा, कारण आप्पा लगेच गप्प झाले आणि त्यांच्या धाकट्या मुलानं, म्हणजे तिच्या दिरानं, उठून उगाच वागरीची खुंटी ठोकायला घेतली. तिचा हिशेब पक्का होता. गावात वाट्याला आलेली अर्ध्या एकराची पट्टी आहे. तिथं विहिरीचं दोन तास पाणी मिळतं. तेवढ्यावर लसूणघास आणि बांधानं हादगा, शेवरी. शेजारच्या मळ्यातली मक्याची वैरण विकत घ्यायची, त्याबदल्यात त्यांना लेंडीखत. आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध डॉक्टर घरी येऊन देतात. कोकणात डॉक्टर कुठं शोधायचा? थोरला पोरगा पाचवीत आहे. दरवर्षी दिवाळीनंतर त्याची शाळा सुटते आणि मृगाच्या आधी वाडा परत येतो तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. हे शेवटचं कारण तिनं शेवटी आणि सगळ्यांत सावकाश सांगितलं.

मला गोसाब्याच्या बौदी आठवल्या. दोघी एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण एकीची मेंढी दुसरीकडं जाऊन पोचली होती आणि आपल्याबरोबर आपली राहणीही घेऊन आली होती: मेंढ्या कमी, दारात, डोळ्यासमोर, हातानं पाजलेल्या. प्रयोगशाळेनं गारोलचा सगळा अंश धुऊन काढला आणि एक जनुक तेवढं ठेवलं. त्या एका जनुकानं मात्र वाड्याचे दोन भाग केले. एक चालणारा, एक थांबणारा. चालणाऱ्या कळपालाही किंमत आहे. ज्या शेतात वाडा बसतो त्या शेताला खत मिळतं, शेतकरी त्याचं धान्य आणि पैसे देतो, आणि ज्या कुसळांवर दुसरं जनावर जगत नाही तिथून हे मटण उभं राहतं. सगळ्याच मेंढ्या जावळीच्या झाल्या तर त्या वाटेवर कोण चालणार, हा आप्पांचा प्रश्न म्हातारपणाचा हट्ट नव्हता. माझ्या मते दोन्ही कळप हवेत, आणि मेंढ्याचं वाटप करणाऱ्या योजनांनी आधी विचारावं की हा मेंढा कुठल्या कळपात उतरणार आहे. सरकारी अर्जात असा रकाना अजून माझ्या पाहण्यात नाही.

रात्री भाकरी, झुणका आणि शेळीच्या दुधाचा दाट चहा झाला. चुलीभोवती पुन्हा तोच विषय. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, आतापर्यंत काही बोलला नव्हता. तो म्हणाला, बाजारात दोन हलकी कोकरं आणि एक भारी कोकरू यांत व्यापारी भारीलाच हात घालतो. सुनेचं उत्तर तयार होतं: दोघांचं वजन एका जागी धरलं तर भारीच्या वर जातं, आणि व्यापाऱ्याला नगावर न देता काट्यावर द्यायचं. लोणंदच्या बाजारात काही जण आता काट्यावर घेतात म्हणे. "काट्यावर घ्येनारा काटाच मारतो," दीर म्हणाला. सगळे हसले, तीही हसली, पण मुद्दा सोडला नाही.

"म्हागं ऱ्हायचं त्ये ऱ्हा," शेवटी आप्पा म्हणाले. "पैशाचं काय?"

"पयलं कोकरू वाड्याचं. दुसरं माजं. त्येचं पैसं माज्या खात्यात."

कुणी काही बोललं नाही. आप्पांनी विस्तवावर पाय शेकले. नवरा चुलीतला जाळ पुढं सारत राहिला. मला वाटलं आता भांडण होणार.

"बरं," आप्पा म्हणाले. "पर एक हाय. पुडल्या सालाला नवा नर आनायचा, त्यो मडग्याळी नाकाचा. जावळी दिऊ दे, पर तोंड बघण्याजोगं पायजे. फलटनवाल्यांस्नी इचारा, नाक देत असतील तर."

ती म्हणाली, ते विचारायचं काम ताई करतील. आणि दोघांनी माझ्याकडं पाहिलं.